फोमचं अस्तर

मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. प्रांजलीने ते पाहिलं, आणि तरीही गालिचा धुवायला काढला.

सिडकोतल्या कुणालाही याचं नवल वाटलं नसतं. नळाला पाणी सात-आठ दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाक्या, पिंपं, हंडे भरायचे आणि उरलेल्या धारेवर जे जे धुण्यासारखं असेल ते धुऊन घ्यायचं. ऊन आहे की नाही हे नंतर बघायचं. पुढच्या पाण्यापर्यंत थांबायचं म्हटलं तर रामप्रसाद घरी आलेला असणार होता, आणि तो येण्याआधी घरातली धूळ जायला हवी होती.

रामप्रसाद तिचा नवरा, शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दोन वर्षांत त्याची मूत्रपिंडं निकामी होत गेली होती आणि जूनमध्ये त्याच्या आईचं, बानाबाईंचं, एक मूत्रपिंड त्याला बसवलं होतं. प्रांजलीचा रक्तगट जुळला नव्हता. बानाबाई आठवड्याभरात घरी आल्या. रामप्रसादची जखम चिघळली, म्हणून त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं. तिथे नातेवाइकांना आत जाऊ देत नसत. काचेतून बघायचं आणि फोनवर बोलायचं. येत्या सोमवारी त्याला सोडणार होते.

प्रांजली सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, वाळूजच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात. ती दाबली, की बुरशीचे जे कण आपण सगळे रोज श्वासातून आत घेतो आणि विसरतो, तेच अशा माणसाच्या फुप्फुसात रुजू शकतात. म्हणून निदान पहिले काही महिने धूळ नको, ओल नको, ताप-खोकल्याचं माणूस जवळ नको. मायलेकांमध्ये मिळून आता दोनच मूत्रपिंडं चालत होती. ती दोन्ही जपायची होती.

गालिचा गुंडाळून कुणालातरी देऊन टाकावा, असं तिने आधी ठरवलं होतं. बानाबाईंना ते पटलं नाही.

तो गालिचा म्हणजे मुळात दोन काळ्या घोंगड्या. कन्नडच्या पुढे, घाटाच्या अलीकडच्या गावात बानाबाईंची मेंढरं होती. नवऱ्यामागे त्यांनी ती विकली, पण विकण्याआधी एक कातरण करून घेतली. त्या लोकरीचं सूत त्यांनी स्वतः चातीवर काढलं आणि सणगराकडून घोंगड्या विणून घेतल्या. रामप्रसादने नवा फ्लॅट घेतला तेव्हा त्या त्याला दिल्या. रामप्रसादने त्या शहरातल्या एका दुकानातून एकत्र शिवून घेतल्या, कडेला कापडी पट्टी लावली आणि फरशीवरून घसरू नये म्हणून खाली फोमचं अस्तर चिकटवून आणलं. बानाबाईंनी उलटून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, “घोंगडीला बूट कामून घातले रं?” पण हॉलभर पसरलेली आपली लोकर बघून त्या खूश झाल्या होत्या. आल्यागेल्याला सांगत, की ह्यात आमची चाळीस मेंढरं बसलीत.

“लेकरू मरणाच्या दारातून माघारी येतंय,” त्या प्रांजलीला म्हणाल्या, “अन् त्याच्यापुढं नुसती फरशी टाकायची? धुऊन घे ना पोरी. स्वच्छ झाल्यावर कशाला लागंल त्याला?”

त्या बाईला नाही म्हणायचा अधिकार त्या घरात आता कुणाला राहिला नव्हता. प्रांजलीने विचार केला, की गरम पाणी आणि साबण यांनी धूळ जाईल, लोकरीतले किडेही जातील. यात चूक काही नव्हतं. ती फक्त वाळण्याचा विचार करायचं विसरली. किंवा केला, आणि पंखा आहे म्हणून सोडून दिला.

गच्चीवर गालिचा पसरून दोघींनी तो धुतला. बानाबाईंना वजन उचलायची मनाई होती, म्हणून त्या लुगडं वर खोचून नुसत्या पायांनी तुडवत होत्या. लोकरीला विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती सुटू लागली आणि गालिचा बुळबुळीत झाला. फेस निघत होता, काळसर चिकट पाणी निघत होतं, आणि ते पूर्ण निघून जायच्या आत नळ बंद झाला. पिंपातलं पाणी प्यायचं, स्वयंपाकाचं, पुढच्या आठवड्याचं. प्रांजलीने त्यातल्या दोन बादल्या ओतल्या, मग हात आवरला. साबण आणि खळ थोडी आत राहिली हे तिला कळत होतं.

दुपारी पाऊस लागला. गालिचा जिन्याने खाली आणताना त्यातून इतकं पाणी गळालं, की तळमजल्याच्या सारजाबाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

हॉलमध्ये दोन खुर्च्यांच्या पाठीवर तो टाकला. दोन्ही पंखे पूर्ण वेगाने लावले. संध्याकाळी प्रांजलीने प्रयोगशाळेतून जुना आर्द्रतामापक मागून आणला. काटा अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर होता. ज्या हवेत आधीच इतकी वाफ आहे ती हवा कितीही जोरात फिरवली तरी आणखी फारसं पाणी घेत नाही. हे ती शाळेतल्या मुलांनाही समजावून सांगू शकली असती. तरीही पंखे तिने बंद केले नाहीत.

गुरुवारी वास सुरू झाला.

आधी तो ओल्या लोकरीचा होता, मग त्याखालून दुसरा एक वास वर आला. बंद तळघरासारखा, आंबट, घशाच्या मागे जाऊन बसणारा. प्रांजलीने खाली वाकून फोमचा कोपरा दाबला. बोटांभोवती पाणी जमलं. वरून लोकर कोरडी लागत होती, पण अस्तर स्पंजासारखं भरलेलं होतं. साबण, खळ, ओल आणि ऊब. प्रयोगशाळेत बुरशी मुद्दाम वाढवायची असती तर तिने याहून वेगळं काही दिलं नसतं.

बानाबाईंना तो वास येत नव्हता. म्हणजे येत होता, पण त्यांच्या लेखी तो वाईट नव्हता. त्या म्हणत होत्या, की लोकर भिजली की मेंढराचा वास मारणारच, पावसाळाभर आम्ही त्याच वासात जेवायचो, त्याच वासात निजायचो, कुणाला काही झालं नाही. प्रांजलीने त्यांना समजावलं, की हा मेंढराचा नाही, त्याच्या आतला दुसरा आहे. बानाबाईंनी पुन्हा नाक लावलं आणि खरंच प्रयत्न करून पाहिला. त्यांना एकच वास आला.

सारजाबाईंना मात्र दोन्ही आले. भाजीवाल्याकडे उभ्या असताना त्यांनी वर बघून विचारलं, “वर मेंढरं बांधलीत का वो? खालपर्यंत वास येऊ राहिला.”

“बांधली असती तर तुला खरवस तरी दिला असता,” बानाबाई गॅलरीतून म्हणाल्या. भाजीवाला हसला. सारजाबाई हसल्या नाहीत.

त्या दोन दिवसांत प्रांजलीने जमेल ते केलं. खाण्याचा सोडा टाकून झटकला. व्हिनेगर फवारलं. इस्त्री फिरवली, केस वाळवायचं यंत्र लावलं. फोम सोलून काढायला गेली तर सरस लोकरीसकट उपटून येत होता. गालिचे धुऊन देणाऱ्या एकाला फोन केला. तो म्हणाला, ऊन पडल्यावर आणा, आमच्याकडेच चार ओले पडलेत. लाँड्रीवाल्याने वजन ऐकूनच नाही सांगितलं. शेवटी तिने हॉलमध्ये पेट्री डिश, जंतू वाढवून बघायची बशी, थोडा वेळ उघडी ठेवली आणि झाकून कामावर नेली. शनिवारी त्यात मखमलीसारखे हिरवट-करडे ठिपके उगवले होते. काही काळे होते. तिने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि जे दिसेल असं वाटलं होतं तेच दिसलं.

झाकण घट्ट चिकटवून तिने ती बशी बानाबाईंना दाखवायला घरी आणली. त्यांनी ती उजेडात धरून निरखली.

“ही तर शिळ्या भाकरीवर येती. लोणच्याला बी येती. वरची काढून टाकायची अन् खायचं.”

“आपल्याला चालतं, आत्याबाई. त्यांना नाही चालणार. हे छातीत गेलं तर परत काढता येत नाही.”

बानाबाईंनी बशी खाली ठेवली आणि हात पदराला पुसला. प्रांजली म्हणाली, की उद्या सकाळच्या घंटागाडीत गालिचा टाकते. बानाबाई म्हणाल्या, “तुझं घर हाय. टाक.” पण हॉलमधून तो आत्ताच हलवते म्हणाल्या, आणि प्रांजलीला वाटलं, त्यांना कळलं. दोघींनी तो फरफटत वर नेला, जिन्यावरच्या खोलीत, जिथे पाण्याची मोटर आणि मोडक्या कुंड्या असतात. प्रांजलीने हॉलची फरशी, भिंतीचा खालचा भाग, खिडक्यांच्या चौकटी निर्जंतुक द्रावणाने पुसल्या. खुर्च्या बदलल्या. आदल्या रात्रीसारखी त्या रात्रीही तिची रात्रपाळी होती. ती कामावर गेली.

रविवारी सकाळी ती परत आली तेव्हा दार नुसतं ओढलेलं होतं आणि बानाबाई घरात नव्हत्या. संडास, गॅलरी बघून ती गच्चीवर गेली.

मोटरच्या खोलीत, सिमेंटवर, बानाबाई गालिचा अंगाभोवती गुंडाळून निजल्या होत्या. लोकरीची बाजू आत, अंगाला. फोम बाहेर. डोकंसुद्धा आत घेतलेलं होतं. प्रांजलीने हाक मारली तेव्हा त्यांनी तोंड बाहेर काढलं. चेहऱ्यावर काळ्या लोकरीचे धागे चिकटले होते, आणि त्या चक्क समाधानी दिसत होत्या.

“वाळत आलंय बघ,” त्या म्हणाल्या. “हात लावून बघ आतून.”

मग त्यांनी सांगितलं. रानात चार महिने पाऊस. कुठं वाळवायची घोंगडी? शेकोटीला धरली तर जळती. मग ओलीच अंगावर घ्यायची अन् निजायचं. अंगाच्या उबेनं पहाटेपर्यंत कोरडी होती. नवरा थकला की त्याची घोंगडी मी वाळवायचे, माझ्या अंगावर. माणसाच्या अंगात इस्तू असतो पोरी. आज दुसरी रात हाय.

“दुसरी?”

“परवा तू कामाला गेल्यावर हॉलातच निजले होते घेऊन. तुला कुठं दिसलं?”

प्रांजलीने आतून हात लावला. लोकर खरंच कोमट आणि जवळजवळ कोरडी होती. तिने बाहेरून फोम दाबला. मनगटावरून पाणी ओघळलं. अंगाची ऊब जिथपर्यंत पोहोचायची तिथपर्यंत पोहोचली होती. पलीकडे दुकानातून चिकटवून आणलेलं रबर होतं, आणि त्याच्याबद्दल रानातल्या कुणाला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला स्वतःलाही ते धुवायच्या आधी सुचलं नव्हतं.

मग तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ती ऊब पांघरुणाची नव्हती. बानाबाईंना ताप होता. उठून बसताना त्या खोकल्या, आणि खोकला लवकर थांबला नाही.

डॉक्टरांनी तपासून छातीत संसर्ग असल्याचं सांगितलं. औषधं दिली, रक्त घेतलं, आणि दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक, त्या अजिबात घ्यायच्या नाहीत, तापाला फक्त पॅरासिटामॉल, असं दोनदा बजावलं. रामप्रसादच्या डॉक्टरांना प्रांजलीने फोन केला. त्यांचं उत्तर तिला माहीत होतं. ताप-खोकला असलेल्या माणसासोबत एका घरात, एका संडासात, त्याला ठेवता येणार नाही. दवाखान्यात आणखी ठेवावं तर तिथे संसर्गाचा धोका घरापेक्षा जास्त. दोन खोल्यांच्या घरात दोघांपैकी एकच राहू शकत होतं.

हे सांगायचं काम तिचंच होतं. बानाबाई गॅलरीत बसल्या होत्या. तिने दारातूनच सांगितलं.

“आत्याबाई, उद्या ते आले की तुम्ही त्यांच्याजवळ येऊ नका.”

“किती दीस?”

“खोकला पूर्ण जाईपर्यंत. त्यानंतरही थोडे.”

बानाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “त्याच्या पोटात माझंच हाय ना? मग माझ्यापासून त्याला कसं लागंल?”

प्रांजलीने सांगायला सुरुवात केली, की ते तुमचं आहे म्हणूनच त्यांचं शरीर ते परकं समजतं, ते बाहेर टाकायला बघतं, म्हणून इतकी औषधं. बोलता बोलता तिला वाटलं, हे थांबवावं. पण वाक्य संपलं होतं.

“म्हंजे माझ्याशीच भांडू राहिलं त्याचं अंग,” बानाबाई म्हणाल्या. “लहानपणी बी असाच होता.”

त्यांनी स्वतःच ठरवलं, भावाकडे जायचं. मुंजाबामामा अजून गावात होते, थोडी मेंढरंही होती. इथेच कुठेतरी खोली बघते, असं प्रांजलीने बानाबाईंना सांगितलं. पण तापातल्या बाईला तिथे सांभाळायला कुणी नव्हतं. संध्याकाळी कन्नडची जीप मिळाली. प्रांजलीने मामांना फोनवर सगळं समजावलं. गोळ्या कुठल्या, कधी, आणि दुखण्याची गोळी नाही, काही झालं तरी नाही. मामा व्हय व्हय म्हणत राहिले.

गालिचा घंटागाडीत मावणार नव्हता. तिने तोंडाला मास्क लावून, विळ्याने त्याचे तुकडे केले. लोकर चिवट होती, सहज कापली गेली नाही. बानाबाईंनी जाण्याआधी ते पाहिलं की नाही, हे तिला कळलं नाही.

सोमवारी रामप्रसाद आला. पाय सावकाश टाकत हॉलमध्ये येऊन उभा राहिला, आणि आधी त्याने आई कुठे आहे विचारलं, मग फरशीकडे पाहिलं. तिने दोन्हींची उत्तरं दिली. तो म्हणाला, “तुझ्याआधी मीच घालवायला हवा होता तो. कितीदा म्हणालो होतो, शिंका येतात.” तो असं कधी म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. तिच्यावरचा भार हलका करायला तो बोलला असावा.

मग त्याचा दिवस तिने मापाने चालवायला घेतला. किती पाणी प्यायला, किती लघवी झाली, ताप, रक्तदाब, वजन. सगळं चांगलं होतं. आईचं मूत्रपिंड कुरकूर न करता काम करत होतं. पहिल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, की तरुण माणसाचं वाटावं असं आहे. व्हिडिओ कॉलवर बानाबाई फोन लांब धरत, आपला खोकला त्याच्यापर्यंत जाईल अशा भीतीने. ताप उतरला म्हणाल्या. जेवते म्हणाल्या. आठवड्याभराने एका कॉलवर त्यांचा चेहरा किंचित भरल्यासारखा दिसला. रामप्रसाद म्हणाला, गाव मानवलं आईला. प्रांजली पडद्याकडे बघत राहिली. तिने डोळ्यांखाली बघायचा प्रयत्न केला, पण तिकडचा उजेड कमी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन तिच्या नंबरावर आला. ती स्वयंपाकघरात होती.

बाई बरी आहे, मामा म्हणाले, तुम्ही काळजी करू नका. पण पाय सुजलेत जरा. आणि दोन दिवस लघवी फार होत नाही. प्रांजलीने विचारलं, औषधं कुठली चालू आहेत. मामांनी तिने सांगितलेली सगळी नावं बरोबर सांगितली. तिने पुन्हा विचारलं, आणखी काय?

“काय नाय. अंग लई ठणकत होतं तिचं. कुशीवर वळता येत नव्हतं, ऑपरेशनच्या बाजूला. मग डॉक्टर येतो इथं मोटरसायकलवर, त्यानं सुया दिल्या. गोळी नाय दिली. तुम्ही गोळी नको म्हणाल्या होत्या.”

तिने सुईचं नाव विचारलं. मामांनी रिकामी बाटली शोधून अक्षरं एकेक करून वाचली. दुखण्याचीच होती. चार दिवस, रोज एक.

“मामा, त्यांच्या नडगीवर अंगठा दाबा. जोरात. मग काढा आणि सांगा.”

पलीकडे हालचाल ऐकू आली. बानाबाई कुणाला तरी हसून काहीतरी म्हणाल्या. मामा परत फोनवर आले.

“खड्डा पडला.”

“भरतोय का?”

मामा थांबले. “अजून नाय.”

तिने सांगितलं, आत्ताच्या आत्ता गाडी करा, इथे घेऊन या, मी दवाखान्यात सांगून ठेवते. फोन बानाबाईंनी घेतला. त्यांचा आवाज जड होता, पण खोकला नव्हता.

“मी नाय येत. मी दवाखान्यात पडले की त्यो तिथं येईल. राहील का घरी सांग? तूच म्हणतीस, तिथं रोग्यांची गर्दी, त्याला लागंल.”

“आत्याबाई, तुमच्याकडे एकच आहे.”

“अन् त्याच्याकडं?”

त्या वाट बघत होत्या. प्रांजलीचं सगळं शिक्षण या प्रश्नाच्या अलीकडे संपत होतं.

“त्याला सांगू नको,” बानाबाई म्हणाल्या. “शपथ हाय तुला माझी.”

तिने शपथ घेतली नाही, आणि नाकारलीही नाही. मामांना गाडी करायला सांगितली, मग दवाखान्यात फोन केला, मग कंपनीत. बोलताना तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. मूत्रपिंड परत सुरू होण्याची शक्यता किती, हे तिला वाचून माहीत होतं. त्या वयात, त्या छातीने, इतक्या दिवसांनी किती, हेही. तिने तो आकडा मनात येऊ दिला आणि तो तिथेच राहिला.

हॉलमधून रामप्रसादने विचारलं, कुणाचा फोन होता.

“मामांचा.”

“काय म्हणती आई?”

ती दारात आली. तो खिडकीशी बसून, डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी घोटाघोटाने पीत होता. चेहऱ्याला रंग आला होता. पावसानंतर प्रथमच बाहेर थोडं ऊन पडलं होतं, आणि ते त्याच्या हातावर होतं.

“बऱ्या आहेत,” ती म्हणाली. “मला जरा बाहेर जावं लागेल.”